सोयाबीनचे प्रात्यक्षिक प्लॉट घ्यायचेत, पण बघून लोकांनी खरंच काही उचलावं असं कसं करायचं?

औशाचा_गडी:

नमस्कार मंडळी, औसा तालुक्यातून लिहितोय. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सभासद सगळे आसपासच्या गावांतले, पीक म्हणाल तर सोयाबीन आणि त्यात तूर. या खरिपात वीस ठिकाणी सोयाबीनची प्रात्यक्षिकं घ्यायची असं मंडळात ठरलंय आणि ते काम माझ्या गळ्यात पडलंय. विषय चार आहेत, बीबीएफवर (म्हणजे रुंद वरंबा आणि सरी पाडून) पेरणी, बीजप्रक्रिया, घरच्या बियाण्याची उगवण तपासून एकरी बियाणं बेतात वापरणं, आणि एखादं नवीन वाण.

अडचण अशी की आमच्याकडं प्रात्यक्षिक म्हटलं की लोकांना काय होणार ते आधीच माहीत असतं. जूनमधे बियाण्याची बॅग आणि खत-औषधाचं किट मिळणार, बांधावर पत्र्याचा बोर्ड लागणार, मधे एकदा साहेब लोक येऊन लोकेशनवाला फोटो काढून जाणार, दिवाळीच्या अगोदर चहा-पोह्याचा शेतीदिन होणार, आणि पुढच्या मृगात तोच गडी पुन्हा पहिल्यासारखाच पेरणार. मागच्या साली एका योजनेतले प्लॉट मी फिरून पाहिलेत, पीक खरंच चांगलं होतं, पण शेजारचा लगेच म्हणतो "त्याला काय, खत फुकट, औषध फुकट, विहिरीला पाणी, एवढं दिलं तर आमचं पण आलं असतं." आता त्याचं काय चूक आहे सांगा.

तर विचारायचं असं की शेतकरी कसा निवडायचा, किट द्यायचं का नाही, एक एकर घ्यायचं का अर्धा, आणि उतारा, म्हणजे पीक किती निघालं ते, कसा मोजायचा म्हणजे पारावर कुणी खोटं म्हणणार नाही. ज्यांनी हे काम हातानं केलंय त्यांनीच सांगा, परिपत्रकं माझ्याकडं आहेत.

बांधावरचा_म्हातारा:

गड्या, प्रश्न बरोबर विचारलास. कृषी खात्यात गावपातळीवर नोकरी झाली माझी, आता घरीच असतो, त्यामुळं मोकळं बोलतो.

पहिलं, माणूस. प्लॉट कुणाकडं द्यायचा यावर निम्मं काम होतं किंवा बिघडतं. आपल्याकडं सवय काय, सरपंच, सोसायटीचा चेअरमन, नाहीतर पुरस्कारवाला प्रगतिशील शेतकरी, कारण तो फोन उचलतो, बैठकीला जागा देतो, साहेब आले तर त्याच्याकडं चारचाकी जाते. पण गाव त्याच्या रानात जे उगवतं ते त्याच्या पैशाचं धरतं, पद्धतीचं नाही. हे काही आजचं नाही. १९६४-६५ च्या सुमारास बुटक्या गव्हाची राष्ट्रीय प्रात्यक्षिकं सुरू झाली तेव्हा शेतीशास्त्रज्ञ डॉ. स्वामिनाथन यांनी लहान शेतकऱ्यांच्याच रानात प्लॉट घ्यायचा आग्रह धरला होता, त्यांचं म्हणणं हेच की मोठ्याच्या रानात पीक आलं तर लोक त्याचं श्रेय त्याच्या श्रीमंतीला देतील. दिल्लीजवळच्या जौंती गावात त्यांनी ते करून दाखवलं. साठ वर्षं झाली आणि आपण अजून चेअरमनच्याच रानात बोर्ड रोवतोय.

तर असा माणूस बघ की ज्याचं रान गावच्या सरासरीचं आहे, फार भारी काळं नाही, अगदी मुरमाड पण नाही. आणि रान रस्त्याला पाहिजे, म्हणजे बाजाराला जाताना, देवळाला जाताना, शाळेला जाताना आपोआप नजर पडली पाहिजे. आडबाजूचा प्लॉट कितीही चांगला असला तरी तो फक्त फोटोत दिसतो. आणि माणूस बोलका पाहिजे. अबोल माणसाचं पीक पण अबोल राहतं, विचारलं तर "बरं हाय" एवढंच सांगतो.

अजून एक, बटईनं करणारे. तुमच्या गावांत निम्मी रानं बटईनं असतील, पण सातबारा मालकाचा, म्हणून प्रात्यक्षिकाच्या यादीत पण मालकाचंच नाव, आणि मालक लातूरला नाहीतर पुण्याला. जो खरं पेरतो, कोळपतो, फवारतो त्याला काही कळतच नाही. तुमची कंपनी आहे, सरकारी यादीची अट नाही, तेव्हा बटईदाराला घ्याच, मालकाशी आधी बोलून.

दुसरं आणि याहून मोठं. नव्या पद्धतीचा प्लॉट एकटा कधी ठेवायचा नाही. त्याच शेतकऱ्याच्या त्याच रानात, त्याच दिवशी, अर्धं त्याच्या मनानं आणि अर्धं आपण सांगू तसं. शेजाऱ्याच्या रानाशी तुलना करायची नाही, शेजाऱ्याचा पेरा चार दिवस मागं असतो, त्याचं तण राहिलेलं असतं, त्याचं रान चिबड असतं, शंभर कारणं निघतात. एकाच माणसाच्या दोन अर्ध्यांत फरक पडला तर बोलायला जागा राहत नाही. रानाला उतार असेल तर पट्टे उताराच्या दिशेनं वरपासून खालपर्यंत पाड, म्हणजे वरचं निचऱ्याचं आणि खालचं पाणी धरणारं दोघांच्या वाट्याला सारखं येईल. नाहीतर खालचा अर्धा एकाला गेला की झालं, पाऊस जास्त झाला की तो हरणारच.

आणि बदल एका ठिकाणी एकच. तुझ्या यादीत चार गोष्टी आहेत, त्या चारी एका एकरात टाकल्यास तर पीक चांगलं आलं तरी कुणाला कळणार नाही कशानं आलं. शेतकऱ्याला सगळं परवडत नसतं. त्याला विचारायचं असतं की यातली कोणती एक गोष्ट मी करू.

बोर्डाबद्दल. बोर्डावर योजनेचं नाव, मान्यवरांची नावं, आणि खाली बारीक अक्षरात वाण. उलटं कर. पेरणीची तारीख, एकरी किती किलो बियाणं, कोणती बीजप्रक्रिया, आतापर्यंतचा खर्च, हे दोन्ही अर्ध्यांचं शेजारी शेजारी लिही, खडूनं लिहिता येईल असा काळा बोर्ड घे म्हणजे प्रत्येक फवारणीनंतर आकडा बदलता येईल. लोक थांबून वाचतात, मी पाहिलंय.

वाशिमकर_वावरवाला:

काका बरोबर बोलले. मी दुसऱ्या बाजूनं सांगतो, काहून का माह्या वावरात प्लॉट झालेला आहे.

किट म्हणाल तर ते आलं पेरणी आटोपल्यावर. पाऊस पडला, वाफसा आला, आता बॅगेची वाट पाहत कोण बसते, पेरून टाकलं घरचं बियाणं. मंग बॅग आली, सही घेतली, फोटो काढला, बॅग घरात. बीजप्रक्रियेचं औषध पेरणीनंतर काय चाटाचं आहे का? कोणत्या योजनेतून होतं ते सांगत नाही, त्यातली माणसं चांगली होती, वरूनच उशीर झाला. पण यादीत माह्या नावासमोर प्रात्यक्षिक पूर्ण.

फुकट किटाचा अजून एक घोळ असा का फुकट भेटते म्हणून हो म्हणणारे लोकं येतात, शिकाचं म्हणून येणारे नाही. तुम्ही निम्मे पैसे घ्या. दहा जण कमी येतील, पण जे येतील ते डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, दिवशी फोन करून विचारतील.

आता बीबीएफबद्दल. यंत्र चांगलं आहे, वरंब्यावर चार ओळी, दोन्ही बाजूनं सरी, जास्त पाऊस झाला तर पाणी सरीतून निघून जाते, खंड पडला तर तिथंच मुरते. हे सगळं खरं. पण चालवणारा पाहिजे. ट्रॅक्टरवाला नवीन असला तर वरंबे वाकडे होतात, बियाणं खोल जाते, सोयाबीन तीन-चार सेंटीमीटरच्या खाली गेलं का उगवण गेली समजा. मंग लोक म्हणतात बीबीएफ खराब. अन आमच्या इकडच्या लोकायचं एकच म्हणणं असते, सरीची जागा वाया गेली. हे तुम्ही कितीही समजावलं तरी ऐकत नाहीत, उतारा मोजून दाखवला तरच ऐकतील. डवऱ्याचा पण प्रश्न आहे, नेहमीचा बैलांचा डवरा त्या वरंब्यावर नीट बसत नाही, त्याचं काय करता ते आधी ठरवा.

शेवटची गोष्ट, अन हे कोणी विचारत नाही. अर्धं वावर तुमच्या म्हणण्यानं पेरलं अन नाही पिकलं तर? बोर्ड तुमचा, नुकसान माहं. म्हणून लोकं प्लॉटसाठी घरचं सगळ्यात खराब वावर देतात. मीच दिलं असतं.

औशाचा_गडी:

दोघांचे आभार. अर्धं-अर्धं पटलं, तसंच करणार. वाशिमकर भाऊ, तुमचा शेवटचा मुद्दा मंडळात मांडतो, कारण माझ्याकडं त्याला उत्तर नाही. निम्मे पैसे घ्यायला आमचे काही संचालक तयार होणार नाहीत, त्यांचं म्हणणं सभासद नाराज होतील.

डवऱ्याचं असं, आमच्याकडं आता बहुतेकजण पेरल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी तणनाशकच मारतात, त्यामुळं तो प्रश्न कमी आहे. मोजणीचं कुणी सांगेल का? गेल्या वेळी शेतीदिनाला एका कोपऱ्यात चौकोन आखून कापणी केली आणि एकरी आकडा जाहीर केला, शेतकरी स्वतःच हसत होता.

विस्तारवाला:

हसणारच, कारण चौकोन आखणाऱ्याचा हात नेहमी चांगल्या पिकाकडं जातो, त्यात लबाडी असेलच असं नाही, डोळ्यालाच ते भारी दिसतं. मी विस्तारातच काम करतो, संस्थेचं नाव नको. जरा लांब लिहितो, मोजणीवर मराठीत फार कमी लिहिलेलं सापडतं.

चौकोन कुठं पडणार हे चिठ्ठीनं ठरवायचं. बांधाच्या एका कोपऱ्यापासून कडेनं किती पावलं आणि तिथून आत किती पावलं, दोन चिठ्ठ्या, शाळेतल्या एखाद्या पोराकडून काढून घ्यायच्या, जिथं पाय पडेल तिथं खुंटी. मग तिथं तूट असली तरी तूट, तण असलं तरी तण. पीक कापणी प्रयोगामागं हीच कल्पना आहे आणि ती आपल्याकडं बसवण्यात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी पानसे यांचा मोठा वाटा होता, १९४० च्या दशकात. सुखात्म्यांनी त्याच वेळी दाखवून दिलं होतं की चौकोन फार लहान घेतला की उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, कारण कडेवरची रोपं आत धरायची का बाहेर यात माणूस ती आतच धरतो. त्यामुळं दोन-तीन मीटरच्या चौकटीवरून एकरी आकडा काढून टाळ्या घेऊ नका.

सोपा हिशोब असा. दहा मीटर बाय दहा मीटर घ्या, म्हणजे जवळपास एक गुंठाच. दोरीला आधीच खुणा करून ठेवा. चौकोन काटकोनात आहे का बघायला कर्ण मोजा, तो १४ मीटर १४ सेंटीमीटर भरला पाहिजे. त्यातून जितके किलो निघतील त्याला साधारण ४० नं गुणलं की एकरी. गुंठा आणि चाळीस हे गावात प्रत्येकाला कळतं, हेक्टरमधे बोललात की निम्मे लोक उठून जातात.

बीबीएफमधे एक जागा अशी आहे जिथं भलेभले फसतात. चौकोन फक्त वरंब्यावर आखला आणि सरी सोडून दिली तर उतारा भरपूर दिसणार, आणि वाशिमकर म्हणतात ती "जागा वाया जाते" ही शंका तशीच राहणार. वरंबा आणि एक सरी मिळून जी रुंदी होते तिच्या पटीतच चौकोनाची ती बाजू धरा, मग दहा मीटर बरोबर येत नसेल तर नऊ धरा नाहीतर अकरा, फक्त गुणाकार बदला. सरीची जागा मोजणीत आली पाहिजे.

पण खरं सांगू का, प्लॉट अर्ध्या-अर्ध्या एकराचे असतील तर चौकोनाच्या नादी लागूच नका. दोन्ही अर्धे वेगवेगळे कापा, वेगळ्या ढिगात लावा, वेगळे मळा आणि सगळंच्या सगळं काट्यावर घाला. मळणीयंत्रवाल्याला आधी सांगून ठेवावं लागतं, पहिला ढीग झाला की यंत्र रिकामं चालवून झाडून घ्यायचं, नाहीतर एकाचं दुसऱ्यात जातं. त्याला वेळ मोडतो म्हणून चार पैसे जास्त द्या. आणि वजन दोन्हीचं एकाच दिवशी, सारखंच वाळवून. हमीभाव केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट असते, तुमच्याकडं ओलावा मापक असेलच, तोच आकडा धरा.

वाणाची तुलना करणार असाल तर एक लक्षात ठेवा, जेएस ९३-०५ लवकर निघतं, फुले संगम त्यामानानं उशिरा, मग एकाच्या काढणीला ऊन आणि दुसऱ्याच्या काढणीला पाऊस असं होऊ शकतं. ते वाणाचं यश-अपयश नसतं, ते त्या आठवड्याचं असतं. सप्टेंबर २०२५ मधे मराठवाड्यात जे झालं ते सगळ्यांनी पाहिलंय, ओढ्याकाठची रानं पाण्याखाली गेली तिथं बीबीएफ काय आणि सपाट काय. अशा प्लॉटवर पण बोर्ड काढायचा नाही, जे झालं ते लिहायचं.

आता वीस प्लॉटचं नियोजन. आफ्रिकेतल्या मलावीत जमिनीच्या सुपीकतेच्या कामात १९९० च्या दशकात एक पद्धत निघाली, तिला मदर-बेबी म्हणतात. म्हणजे मध्यावर एक-दोन मोठे प्लॉट, ज्यात तुमच्या चारी गोष्टी वेगवेगळ्या पट्ट्यांत शेजारी दिसतात, आणि बाकी सगळीकडं लहान प्लॉट, ज्यात शेतकरी स्वतः त्यातली एकच निवडतो. तुमच्याकडं दोन मोठे आणि अठरा लहान असं बसेल. कोणी काय निवडलं हीच मोठी माहिती असते. अठरापैकी चौदा जणांनी उगवण चाचणी निवडली आणि दोघांनीच बीबीएफ, तर तुम्हाला कळलं गावाला काय परवडतंय.

आणि शेवटी निकाल सांगताना सगळ्यात चांगल्या प्लॉटचा फोटो लावू नका. वीसपैकी किती ठिकाणी नवा अर्धा जिंकला, किती ठिकाणी बरोबरी, किती ठिकाणी हरला, हे सांगा. आणि किलोत नाही, रुपयात. समजा नव्या अर्ध्यात ४० किलो जास्त निघालं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ धरला तरी ते २,१३१ रुपये होतात, बाजारात कमी मिळाला तर अजून कमी. त्यातून यंत्राचं जास्तीचं भाडं वजा करा. उरलं तर उरलं.

वाशिमकरांच्या नुकसानीच्या प्रश्नावर. याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वी देऊन झालेलं आहे, आपण विसरलो. १९०३ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या टेरेल गावी सीमन नॅप नावाच्या माणसानं पोर्टर नावाच्या शेतकऱ्याच्या रानात प्रात्यक्षिक घेतलं. सरकारी फार्मवरचं पीक पाहून लोक बदलत नाहीत, हे त्याचं ठाम मत होतं. त्यानं शेतकऱ्याला फुकट काही दिलं नाही. गावातल्या व्यापाऱ्यांनी मिळून एक निधी बाजूला ठेवला, आमच्या सांगण्यानं केलंस आणि तोटा झाला तर यातून भरून देऊ. निधीला हात लावायची वेळच आली नाही. तुमची कंपनी हेच करू शकते. किट नको, हमी द्या. नवा अर्धा जुन्या अर्ध्यापेक्षा जितका कमी भरेल तितका फरक हमीभावानं कंपनी देणार. अर्ध्या एकरात अर्धा क्विंटल कमी आला तरी २,६६४ रुपये. वीसच्या वीस प्लॉट इतके हरले तरी ५३,२८० होतात, आणि वीसच्या वीस हरले तर ती गोष्ट आपण लोकांना शिकवायलाच नको.

वाशिमकर_वावरवाला:

हे आवडलं. पण सर, मंग शेतकरी नवीन अर्ध्याकडं मुद्दाम दुर्लक्ष नाही करणार का? फरक तर कंपनी देणारच आहे.

विस्तारवाला:

एखादा करेलही. पण प्लॉट रस्त्याला आहे, बोर्डावर दर आठवड्याला काय केलं ते लिहिलेलं आहे, आणि दोन्ही अर्धे त्याचेच आहेत. हजार-दोन हजारासाठी गावादेखत आपल्याच रानात तण माजू देणारा माणूस मी तरी अजून पाहिला नाही. आणि हमीत अट घालता येते की दोन्हीकडं कोळपणी, फवारणी सारखी झाली पाहिजे. मुख्य म्हणजे हमी दिली की तो चांगलं रान देतो, तुम्हीच वर लिहिलंय लोक सगळ्यात खराब वावर देतात म्हणून.

धाराशिवची_बचतगटवाली:

सगळं वाचलं, छान लिहिलंय सगळ्यांनी. पण दादा, एवढ्या चर्चेत बायका कुठंच नाहीत हे कुणाच्या लक्षात आलं का?

बियाणं कुठलं ठेवायचं, चाळायचं, निवडायचं, पोती कुठं लावायची हे घरात कोण करतं? उगवण चाचणी तर सरळ आमचंच काम आहे. ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडायचे, गुंडाळून ठेवायचे, पाणी शिंपडत राहायचं, सहा-सात दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. सत्तरच्या वर आले तर नेहमीचं प्रमाण, कमी आले तर त्या हिशोबानं बियाणं वाढवायचं. आमच्या गटात आम्ही हे मे महिन्यातच करतो, प्रत्येकीनं आपल्या घरचं आणायचं, चिठ्ठी लावायची आणि एकाच जागी मांडायचं. कुणाचं किती उगवलं ते सगळ्यांसमोर दिसतं. त्याला ना सभा लागते ना मंडप. जिचे पंचेचाळीस आले तिनं घरी जाऊन नवऱ्याला जे सांगितलं ते कुठल्याही साहेबाच्या भाषणापेक्षा जास्त लागू पडलं.

बीजप्रक्रियेचं पण तसंच. पुरुषांच्या बैठकीत पडद्यावर दाखवतात आणि पेरणीच्या पहाटे औषध चोळतं कोण? आम्ही, उघड्या हातानं. म्हणून करून दाखवायचं ते आमच्याकडून करून घ्या, हातमोजे द्या, आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, आणि रायझोबियम हे जिवाणू खत सगळ्यात शेवटी, दहा किलोला अडीचशे ग्रॅम, मग सावलीत वाळवायचं. उन्हात टाकलं की जिवाणू गेले. आणि औषध लावलेलं उरलं तर ते कोंबड्यांपुढं जाता कामा नये, लेकरांच्या हाताला लागता कामा नये, हे सांगायला कुणीच येत नाही.

वेळेचं बघा. शेतीदिन सकाळी अकराला ठेवला तर रोजानं जाणारी बाई येईल का? तिचा रोज तुम्ही देणार आहात का? आमच्याकडं संध्याकाळी पाचनंतर, रानातून परतताना प्लॉटवर थांबायचं असं ठरवलं तर गर्दी होते. आणि वीसमधे पाच-सहा प्लॉट तरी बायकांच्या नावानं घ्या, सातबारावर नाव नसलं तरी.

बांधावरचा_म्हातारा:

ताई, शंभर टक्के बरोबर. आणि एकदाच शेतीदिन घेण्यापेक्षा चार वेळा छोट्या फेऱ्या काढा. उगवण झाल्यावर, पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी, शेंगा भरताना, आणि मळणीच्या काट्यावर. त्यातली मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशीची सोडू नका, सपाट अर्ध्यात पाणी साचलंय आणि शेजारी सरीतून वाहून गेलंय हे त्याच दिवशी दिसतं. दोन दिवसांनी दोन्ही हिरवंच.

दुकानदार_बोलतोय:

माझं कृषी सेवा केंद्र आहे त्यामुळं शिव्या बसतील माहितीय, तरी लिहितो.

प्लॉट बघून शेतकरी कुणाकडं येतो? माझ्याकडं. "अमक्याच्या रानातलं वाण द्या" म्हणतो. मला माहीतच नसतं कुठलं वाण, कुठून आणलं, किती तयार होणार आहे. विद्यापीठाचं बियाणं लगेच संपतं, मग तो वैतागून जे आहे ते घेऊन जातो. तुमची दोन-तीन महिन्यांची मेहनत माझ्या काउंटरवर पाच मिनिटांत संपते. प्रात्यक्षिक सुरू करायच्या आधी गावच्या दुकानदाराला बोलवा, काय दाखवणार आहात सांगा, रायझोबियमची पाकिटं मे अखेर आणून ठेवायला सांगा. आम्हाला शत्रू समजून बाजूला ठेवलं की आम्ही पण आमचंच विकणार.

वाशिमकर_वावरवाला:

तुमचंच तर विकता ना आता पण. उगवण कमी झाली म्हणून मी विचाराले गेलो तर दुकानदारानं मलेच टॉनिकची बाटली चिटकवली होती.

दुकानदार_बोलतोय:

असे आहेत, नाकारत नाही. पण सगळे नाहीत. आणि रायझोबियम विकून माझा काय फायदा होतो ते एकदा पाकिटावरची किंमत बघून सांगा.

विस्तारवाला:

भांडू नका, दुकानदार साहेबांचा मुद्दा महत्त्वाचा आहे. जे वाण दाखवणार त्याचं बियाणं पुढच्या वर्षी कुठून मिळणार याची सोय आधी. सोयाबीन स्वपरागीत आहे, चांगल्या प्लॉटमधलं बियाणं भेसळीची झाडं उपटून वेगळं काढून ठेवलं तर घरचं म्हणून वापरता येतं. मळणीला यंत्राचे फेरे कमी ठेवा, वेगानं मळलं की दाण्याचं साल फुटतं आणि उगवण जाते. साठवताना पोत्यांची थप्पी उंच करू नका. कंपनीनं हेच काम हातात घेतलं तर प्रात्यक्षिक आणि धंदा दोन्ही होईल.

औशाचा_गडी:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल मंडळाची बैठक झाली, वाचून दाखवलं. हमीवर बराच वाद झाला, एक संचालक म्हणाले शेतकऱ्याला पैसे द्यायचेच तर किटच द्या ना, पण आकडा ऐकल्यावर बाकीचे नरमले. ठरलं असं की किट बंद, फरकाची हमी, पण लेखी, आणि मळणीच्या वेळी दोन शेजारी साक्षीला. मोठे प्लॉट दोन, एक बाजाराच्या रस्त्यावर मिळालाय, दुसऱ्यासाठी बघतोय. बटईदार तीन तयार आहेत. उगवण चाचणी आमच्या गावच्या बचत गटाकडं सोपवतोय, ताई तुमच्यासारखंच एका जागी मांडून.

बीबीएफ मात्र सध्या सहाच ठिकाणी, कारण यंत्र एकच आहे आणि वाफसा सगळीकडं एकाच दिवशी येतो. चालवणाऱ्याला आधी मोकळ्या रानात बियाण्याशिवाय फिरवून घेणार आहे.

एक राहिलं. तुरीचं काय करायचं? आमच्याकडं सोयाबीनच्या मधे तुरीचे तास असतातच, आणि दोन अर्ध्यांत ते कमीजास्त झाले तर सगळी मोजणी हुकणार.

विस्तारवाला:

दोन्ही अर्ध्यांत तुरीचे तास सारखेच ठेवा आणि पेरणीच्या दिवशीच मोजून बोर्डावर लिहा. बीबीएफवर तुरीसाठी ओळ कुठली सोडायची ते यंत्राच्या बियाण्याच्या पेट्यांवर खूण करून ठेवा, नाहीतर ट्रॅक्टर वळला की विसरतो. सोयाबीन निघाल्यावर तूर मोजायला पण जा, जानेवारीत कुणी जात नाही.